गजऱ्यांच्या कोड्यात १५ का येतं, आणि २२ कसं पटवायचं

प्रश्न कळव्याच्या एका पालकांचा आहे. मुलगा पाचवीत, शिष्यवृत्तीचा सराव चालू आहे. कोडं असं: जांभळी नाक्यावरून एक फुलवाली मोगऱ्याचे गजरे घेऊन निघते. पहिलं गिऱ्हाईक टोपलीतले निम्मे गजरे घेतं आणि वर आणखी एक. दुसरं गिऱ्हाईक उरलेल्यातले निम्मे आणि वर एक. तिसरंही तसंच. शेवटी टोपलीत एकच गजरा राहतो. तर निघताना गजरे किती होते? पुस्तकात मागे उत्तर २२ दिलंय, मुलगा दर वेळी १५ काढतो. पालकांनी क्ष धरून केलं तर २२ आलं, पण पाचवीतल्या पोराला समीकरण सांगायचं कसं, हा त्यांचा पेच. जोडीला त्यांनी हेही विचारलंय की, ‘लाडू दोन-दोन मोजले तर एक उरतो, तीन-तीन मोजले तरी एक उरतो’ या जातीच्या कोड्यांनाही हीच उलटी रीत चालते का.

आधी १५ कडे बघू, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मुलगा अंदाजपंचे उत्तर देत नाहीये. तो शेवटच्या एका गजऱ्यापासून मागे निघालाय: १ ची दुप्पट २, अधिक १, झाले ३. तीनची दुप्पट ६, अधिक १, झाले ७. सातची दुप्पट १४, अधिक १, झाले १५. म्हणजे उलटं जायचं हे त्याला माहीत आहे, निम्म्याच्या उलट दुप्पट आणि वजाच्या उलट अधिक हेही माहीत आहे. त्याने तीन गिऱ्हाइकांचा क्रम बरोबर फिरवलाय. मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आत जे दोन प्रकार घडतात, त्यांचा क्रम फिरवायचा राहून गेला. वाचताना ‘निम्मे’ आधी येतं आणि ‘वर एक’ नंतर, म्हणून परतीच्या वाटेवरही त्याने त्याच क्रमाने हात घातला.

तेव्हा त्याला ‘उलटं कर’ असं पुन्हा सांगून काही होणार नाही. त्याला हे दिसायला हवं की हा तीन पायऱ्यांचा जिना नाही, सहा पायऱ्यांचा आहे. पुढे जाताना टोपलीतले आकडे असे पडतात: २२, ११, १०, ५, ४, २, १. यातले ११, ५ आणि २ हे आकडे कोड्यात कुठेच बोलले जात नाहीत. निम्मे गजरे गेलेत आणि तो वरचा एक अजून जायचाय, त्या क्षणाची ती टोपली आहे. मुलं नेमका हाच क्षण गाळतात. मागे येताना शेवटी जे घडलं ते आधी पुसायचं: एक परत टोपलीत, मग दुप्पट. १ अधिक १ दोन, दुप्पट ४. अधिक १ पाच, दुप्पट १०. अधिक १ अकरा, दुप्पट २२.

हे कागदावर समजावण्याआधी वस्तूंनी करून घ्या. चिंचोके उत्तम, नसतील तर राजम्याचे दाणे चालतात. तांदूळ नको, मोजताना निसटतात. एक वाटी म्हणजे टोपली, आणि गिऱ्हाइकांसाठी दोन बशा. सुरुवात २२ ने करू नका, उत्तर फुटतं आणि मग मूल उत्तराला जुळवून घेत बसतं. वाटीत १० दाणे द्या आणि दोनच गिऱ्हाइकं घ्या. त्याला निम्मे काढायला सांगा, इथे थांबा, वाटीत किती ते पाटीवर लिहायला लावा: ५. आता वरचा एक काढायला सांगा, पुन्हा लिहायला लावा: ४. दुसरं गिऱ्हाईक: २, मग १. पाटीवर १०, ५, ४, २, १ अशी ओळ तयार होते. मग म्हणा, आता सगळं जिथून घेतलं तिथे परत ठेव, पण शेवटचा घेतलेला दाणा सगळ्यात आधी. हाताने ठेवताना क्रम चुकत नाही, कारण बशीत तो ‘वरचा एक’ खरोखरच शेवटी पडलेला असतो. दोन गिऱ्हाइकं परतून झाली की विचारा, यांच्याही आधी एक गिऱ्हाईक येऊन गेलं असतं तर? २२ तो स्वतः सांगेल, आणि तेच हवंय.

इथे हमखास होणाऱ्या तीन चुका सांगून ठेवतो. काही मुलं ‘वर एक’ हा टोपलीतून न काढता आपण घेतलेल्या निम्म्यातलाच एक मोजतात, मग शिल्लक एकाने जास्त राहते. काही मुलं आधी एक काढतात आणि मग निम्मे करायला जातात. आणि परतताना काही मुलं टोपलीची दुप्पट करायच्या ऐवजी गिऱ्हाइकाच्या बशीची दुप्पट करतात. तिसरी चूक सगळ्यात चिवट. तिच्यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याआधी ‘टोपलीत’ हा शब्द मोठ्याने म्हणायला लावणं. टोपलीत १, टोपलीत २, टोपलीत ४. कंटाळवाणं वाटतं, पण चूक जाते.

आता त्याच्या १५ चं काय करायचं? नुसतं ‘चूक’ म्हणून फुली मारू नका. १५ हे एका वेगळ्या गोष्टीचं अगदी बरोबर उत्तर आहे. फुलवाली आधी एक गजरा देवाला काढून ठेवते आणि मग गिऱ्हाईक उरलेल्यातले निम्मे घेतं, असं तीन वेळा होतं, ही ती गोष्ट. १५ मधला एक देवाला, राहिले १४, निम्मे गेले, ७. एक देवाला, ६, निम्मे गेले, ३. एक देवाला, २, निम्मा गेला, १. मुलाला विचारा की तुझं १५ कोणत्या गोष्टीत बसेल. ही गोष्ट त्याची त्याला सापडली तर क्रमाचा मुद्दा कायमचा डोक्यात बसतो, दहा सराव प्रश्न सोडवून बसणार नाही इतका.

याच १५ चं आणखी एक गमतीदार रूप परीक्षेत येतं: ‘निम्मे आणि वर अर्धा गजरा घेतला, पण एकही गजरा तोडावा लागला नाही.’ मुलं इथे घाबरतात. १५ चे निम्मे साडेसात, वर अर्धा, म्हणजे पूर्ण ८ गेले आणि ७ राहिले. सातचे साडेतीन अधिक अर्धा, ४ गेले, ३ राहिले. तीनचे दीड अधिक अर्धा, २ गेले, १ राहिला. गजरा तोडावा लागत नाही कारण दर वेळी टोपलीत विषम संख्या असते.

उत्तर आलं की ताळा करायचा, आणि तो नेहमी पुढच्या दिशेने. मागे आलेल्या वाटेनेच पुन्हा तपासलं तर तीच चूक तशीच परत येते. २२ घेऊन गोष्ट सुरुवातीपासून खेळायची. १५ घेऊन खेळलं असतं तर पहिल्याच गिऱ्हाइकाला साडेसात गजरे द्यावे लागले असते, तिथेच कळलं असतं. ‘निम्मे आणि वर एक’ या कोड्यात सुरुवातीची संख्या विषम आली की उत्तर चुकलं, हे मुलाने दोन सेकंदांत ओळखायला हवं.

परीक्षेचं गणित थोडं निराळं आहे. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चार पर्याय समोर असतात. समजा १४, १५, २२, ३० हे पर्याय आहेत. विषम म्हणून १५ लगेच बाद. १४ घेतले तर ६, २, ० होतात, शेवटी काहीच उरत नाही. ३० घेतले तर १४, ६, २, म्हणजे दोन उरतात. राहिला २२. पर्याय पुढे चालवून बघणं ही लबाडी नाही, वेळ वाचवायची रीत आहे. पण ती घरी सराव करताना वापरू देऊ नका, नाहीतर पर्याय नसलेल्या परीक्षेत मूल नुसतं बघत बसतं.

मूल किती लवकर शिकेल हे त्याचे अपूर्णांक किती पक्के आहेत यावर आहे. निम्म्यापर्यंत सगळ्यांचं चालतं. तिसरा हिस्सा आला की गाडी अडते, कारण ‘निम्म्याच्या उलट दुप्पट’ हे पाठ केलेलं मूल ‘एक तृतीयांशाच्या उलट तिप्पट’ करायला धावतं. निम्मे विकले काय आणि निम्मे उरले काय, आकडा एकच, म्हणून तिथे ही चूक झाकली जाते. तिसरा हिस्सा विकला तर उरतात दोन हिस्से. उदाहरण घ्या: एक तृतीयांश गजरे विकले, मग उरलेल्यातले एक चतुर्थांश विकले, राहिले १८. हे १८ म्हणजे चारातले तीन हिस्से, एक हिस्सा ६, तर त्याआधी २४. हे २४ म्हणजे तिनातले दोन हिस्से, एक हिस्सा १२, तर त्याआधी ३६. मुलाला गुणाकार-भागाकाराचा नियम न देता ‘हे किती हिस्से आहेत?’ एवढंच विचारायची सवय लावा. आयताकृती पट्टी काढून तिचे तुकडे पाडले की पुरतं.

आता यातला सगळ्यात मोठा सापळा. उलटी रीत तेव्हाच चालते जेव्हा प्रत्येक हिस्सा उरलेल्यातला असतो. सगळे हिस्से मूळच्या ढिगातले असतील तर ती सपशेल फसते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत दोन्ही जातींची उदाहरणं आहेत, ती शेजारी शेजारी ठेवून शिकवावीत. एक यात्रेकरूचं: जवळच्या धनातलं निम्मं त्याने प्रयागला दिलं, उरलेल्यातले दोन नवमांश काशीला, त्यातून उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीला, पुन्हा उरलेल्यातले सहा दशांश गयेला, आणि ६३ निष्क (त्या काळची नाणी) घेऊन तो घरी आला. हे सरळ मागे जात सुटतं: ६३ म्हणजे दहातले चार हिस्से, म्हणून त्याआधी १५७॥. ते चारातले तीन, म्हणून २१०. ते नवातले सात, म्हणून २७०. आणि ते निम्मे, म्हणून ५४०. मधे एकशे साडेसत्तावन्न बघून मुलं चूक झाली समजतात. पण निष्कात १६ द्रम्म, तेव्हा अर्ध्या निष्काचे ८ द्रम्म सुखाने मिळतात. गजऱ्यांच्या कोड्यात मात्र असा अर्धा आला तर थांबायचं.

दुसरं उदाहरण भुंग्यांचं: थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोन हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत घुटमळत राहिला. इथे ‘उरलेल्यातले’ असं काहीच नाही. सगळे हिस्से आख्ख्या थव्याचे. एक पंचमांश आणि एक तृतीयांश म्हणजे पंधरातले ३ आणि ५. फरक २, त्याची तिप्पट ६. एकूण १४ हिस्से गेले, उरला एक हिस्सा, आणि तोच एक भुंगा. म्हणून थवा १५ चा. इथे मागे जायला गेलात तर भलतंच काही येतं. म्हणून पेन उचलायच्या आधी मुलाने प्रत्येक हिश्शाखाली एक छोटी खूण करावी: मूळचा की उरलेल्यातला. एवढ्या खुणेने निम्म्या चुका वाचतात.

थोडं मोठं किंवा चलाख मूल असेल तर २२ ची एक वेगळी वाट दाखवता येते. टोपलीत दोन खोटे गजरे आहेत असं धरा, जे कुणी कधी नेत नाही. २२ चे झाले २४. आता प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ही वाढीव टोपली बरोब्बर निम्मी होते: २४, १२, ६, ३. शेवटच्या तिनातले दोन खोटे, खरा एक. दोनच का? कारण टोपलीत क्ष अधिक २ धरले तर निम्मे आणि वर एक गेल्यावर खरे उरतात क्षचे निम्मे उणे एक, त्यात खोटे दोन मिळवले की क्षचे निम्मे अधिक एक, म्हणजे क्ष अधिक दोनच्या नेमके निम्मे. हे पालकांसाठी आहे. मुलाला फक्त आकडे दाखवा. गिऱ्हाइकं पाच असली तरी उत्तर चुटकीसरशी येतं: ३ च्या पाच दुपटी ९६, वजा २, उत्तर ९४.

आता लाडूंचं कोडं. डब्यातले लाडू २, ३, ४, ५ किंवा ६ च्या गटांनी मोजले तर दर वेळी एक उरतो, ७ च्या गटांनी मोजले तर एकही उरत नाही, तर डब्यात कमीत कमी किती लाडू? याला उलटी रीत चालत नाही, आणि कारण साधं आहे: इथे काही कमीच होत नाही. दर वेळी मोजून झालं की लाडू परत डब्यात जातात. ढीग तोच, मोजणी वेगळी. गजऱ्यांत प्रत्येक शिल्लक ही पुढच्या पायरीची सुरुवात असते, इथे एका मोजणीचा दुसरीशी तसा संबंध नाही.

इथली युक्ती म्हणजे तो त्रास देणारा एक लाडू बाजूला काढून ठेवणं. मग बाकीचे २, ३, ४, ५, ६ या सगळ्यांनी निःशेष भागले जातात, म्हणजे ते या संख्यांच्या लसाविच्या, ६० च्या, पटीत आहेत. बाजूला काढलेला परत ठेवला की शक्यता उरतात ६१, १२१, १८१, २४१, ३०१ अशा. सातने भागून बाक्या बघा: ५, २, ६, ३, ०. उत्तर ३०१. पुढची उत्तरं ४२० च्या अंतराने येतात, म्हणून प्रश्नात ‘कमीत कमी’ किंवा ‘पाचशेच्या आत’ असं काहीतरी हवंच. काही मुलं लसाविऐवजी सगळ्यांचा गुणाकार करतात: ७२०, अधिक १, ७२१. गंमत अशी की ७२१ लाही ७ ने नि:शेष भाग जातो, सगळ्या अटी पाळल्या जातात, आणि तरी उत्तर चूक, कारण ते सगळ्यात लहान नाही. इथे मुलाला ‘तुझं उत्तर चालतं, पण याहून लहान आहे का?’ असं विचारा.

याचं जुळं भावंड म्हणजे दोनने १ बाकी, तीनने २, चारने ३, पाचने ४, सहाने ५, सातने काही नाही. बाक्या वेगवेगळ्या दिसतात म्हणून मुलं गडबडतात. पण दर वेळी पूर्ण गट व्हायला एकच लाडू कमी पडतोय. एक लाडू शेजाऱ्यांकडून आणला की ६० ची पट होते. म्हणून ५९, ११९ असे बघायचे, आणि ११९ म्हणजे ७ गुणिले १७. तेव्हा पहिल्यात बाजूला काढायचा, दुसऱ्यात आणायचा. बाक्याही सारख्या नाहीत आणि तूटही सारखी नाही, असं आलं तर सरळ यादी करावी. तीनने २, पाचने ३, सातने २ बाकी हे घ्या. तीन आणि सातची बाकी सारखी, म्हणून २, २३, ४४ अशी यादी, आणि २३ ला पाचने भागलं की ३ उरतातच. पाचवीला याहून पुढे जायची गरज नाही.

दोन्ही जाती हाताळून झाल्या की त्यांची सरमिसळ असलेलं एक कोडं द्या. तीन मित्र येऊरला चिकू गोळा करतात आणि तिथेच झोपतात. रात्री एक उठतो, एक चिकू माकडाला देतो, उरलेल्याचा तिसरा हिस्सा स्वतः लपवतो. मग दुसरा, मग तिसरा, तेच करतात. सकाळी राहिलेले चिकू तिघांत बरोबर वाटले जातात. कमीत कमी किती होते? (खऱ्या येऊरला माकडांना काही खायला घालू नका, ती सवय मोडत नाही.) इथे शेवटचा आकडाच दिलेला नाही, म्हणून मूल अडतं. तेव्हा विचारा की सकाळच्या ढिगाबद्दल काय काय माहीत आहे. तो तिघांत वाटला जातो, म्हणून ३ ने भाग जातो. आणि तो तिसऱ्याने मागे सोडलेले दोन हिस्से आहे, म्हणून सम आहे. सगळ्यात लहान अशी संख्या ६. सहा हे दोन हिस्से, तीन हिस्से ९, माकडाचा एक, १०. दहाचे १५ आणि १, १६. सोळाचे २४ आणि १, २५. पुढे चालवून ताळा: २५, १६, १०, ६, प्रत्येकाला दोन.

हे जमलं तर सकाळच्या वाटणीतही एक चिकू माकडाला द्यावा लागला असं सांगा. आता सकाळचा ढीग सम हवा आणि तीनने भागल्यावर १ बाकी हवी: ४, १०, १६, २२. चारवरून मागे गेलं की ७ येतात, विषम, पुढे वाट नाही. दहावरून १६, मग २५, तिथे अडतं. सोळावरून एकाच पावलात २५, तिथेच अडतं. बावीसवरून ३४, ५२, ७९. मुलाने पहिल्या तीन संख्या खोडून काढायला वेळ लावला तर लावू द्या, मधे पडू नका.